मोगूबाईंना शिकवणार कोण? एका तालमीचं प्रकरण

१९१९ च्या सुमाराची सांगली. गावात दोन परगावची माणसं दुखण्यावर औषध घ्यायला येऊन राहिलेली. एक पंधरा वर्षांची मुलगी, नाटक कंपनीतून नुकतीच बाहेर पडलेली, घरच्या बाईमाणसाच्या आधारानं राहणारी. दुसरे साठी ओलांडलेले गवई, कोल्हापूर दरबारचे, वैद्य आबासाहेब सांबारे यांच्याकडे इलाजासाठी आलेले. मुलगी रोज मेहनत करायला बसायची आणि गवयांचा जायचा-यायचा रस्ता नेमका त्या घरावरून होता. काही दिवस ते नुसते थांबून ऐकायचे. मग एकदा आत आले, गायला लावलं आणि शिकवायलाच बसले. हे कोण, हे मुलीला माहीत नव्हतं. ते उस्ताद अल्लादिया खाँ आहेत हे तिला पुढे कळलं.

मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. ही गोष्ट गाण्यातल्या मंडळींनी इतक्यांदा सांगितली आहे की ती इथंच संपते असं वाटायला लागतं: हिरा रस्त्यात पडला होता, जवाहिऱ्याला दिसला, झालं. प्रत्यक्षात प्रकरण सुरू होतं ते दीड वर्षानंतर, जवाहिरे सांगली सोडून गेल्यावर. त्याच अल्लादिया खाँनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधला, म्हणजे विधीपूर्वक शिष्या करून घेतलं, ते १९३४ साली. म्हणजे ज्यांनी स्वतःहून दारात येऊन शिकवलं, त्यांचीच शागीर्द म्हणवून घ्यायला या बाईंना सुमारे पंधरा वर्षं लागली. गळा कमी पडला म्हणून हे झालं नाही, आणि निष्ठेतही खोट नव्हती. मग अडलं कुठं?

आधीचं सामान

कुर्डी हे गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं गाव. आता ते साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. मे महिन्यात पाणी उतरलं की भिंतींची जोती, देवळं वर येतात आणि तिथले जुने रहिवासी त्या दिवसांत गावाला भेट द्यायला जातात. १५ जुलै १९०४ चा मोगूबाईंचा जन्म. घर कलावंत समाजातलं. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या आणि मुलीनं मोठी गायिका व्हावं हा त्यांचा ध्यास. गोड गळा असलेली दहा वर्षांची मुलगी घेऊन तेव्हा जायचं कुठं? देवळात, नाहीतर नाटक कंपनीत. जांबावलीच्या देवळात थोडी भजनं शिकून झाली आणि मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी. आई १९१४ मध्ये गेली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत काम मिळालं. बायकाच सगळ्या भूमिका करायच्या अशी ती कंपनी. तिथं ‘सौभद्रा’तली सुभद्रा, ‘पुण्यप्रभावा’तली किंकिणी. कंपनीतच चिंतूबुवा गुरव यांच्याकडून गाणं मिळालं, थोडं नृत्यही झालं. मग कंपनीशी बिनसलं, तब्येत बिघडली आणि सांगली.

हे सामान लक्षात ठेवायला हवं, कारण अल्लादिया खाँनी ऐकलेला गळा कोरा नव्हता. नाटकातल्या पदांनी त्याला शब्द आणि ताल दिला होता, आणि प्रेक्षकांसमोर उभं राहायचा धीरही. नव्हतं ते एवढंच की एका माणसानं समोर बसून वर्षानुवर्षं रागसंगीत शिकवावं. जयश्रीबाईंच्या ध्यासात नेमकी तीच जागा रिकामी राहिली होती. पैसा नसलेल्या घरानं अशा गुरूला बांधून ठेवायचं तरी कशानं?

दार लागलं ते का

इथं थोडा हिशेब मांडावा लागतो. तो मांडला नाही तर हे सगळं मत्सर आणि मानापमानाचं नाट्य वाटायला लागतं आणि आपण त्यातच रमतो.

अल्लादिया खाँ कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी होते. दरबारी गवयाचा तनखा दरबार देतो. मग तो सांगलीत औषधाला आल्यावर एखाद्या पोरक्या मुलीला फुकट शिकवू शकतो. त्याला कुणी जाब विचारत नाही आणि त्याची चूलही विझत नाही. मे १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई धरली. मुंबईत दरबार नव्हता. होते ते शेठ, त्यांच्या बैठका आणि त्यांच्या आश्रयाखालच्या गायिका. दरबार गवयाचा मान विकत घ्यायचा, मुंबईकर विकत घेणार ते त्याचे तास. आणि तास विकत घेतले की ते दुसऱ्याला द्यायचे नाहीत, ही अट ओघानंच येते.

गायिका केसरबाई केरकर १९२१ मध्ये खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या होत्या. त्यांच्या मागे मुंबईतला भक्कम आश्रय होता, मोठा नजराणा आणि दीर्घ मुदतीच्या तालमीचा करार होता. मोगूबाई खाँसाहेबांच्या मागोमाग १९२२ मध्ये मुंबईला आल्या, खेतवाडीत राहू लागल्या, पुन्हा शिकायला लागल्या आणि लवकरच ते थांबलं. इतरांना शिकवू नका, असं खाँसाहेबांच्या भोवतालच्या मंडळींचं म्हणणं पडलं.

या ठिकाणी केसरबाईंना खलनायिका करण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. केसरबाईही गोव्याच्याच, फोंड्याजवळच्या केरीच्या. त्यांनीही लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनीच शिक्षण गोळा केलं होतं: कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, सतारिये बरकतुल्ला खाँ. प्रत्येक वेळी गुरू तरी गाव सोडून गेले नाहीतर परिस्थितीनं यांनाच उठवलं. पंधरा-वीस वर्षं असं अर्धवट जेवून उठलेल्या माणसाला अखेर पूर्ण ताट मिळालं, तर तो ताटावर हात आडवा धरणारच. दोघी एकाच प्रदेशातल्या आणि दोघींची अडचणही एकच. एकीला मुंबईत आश्रय मिळाला, दुसरीला नाही. प्रश्न स्वभावाचा आहे तसा त्या व्यवस्थेचाही आहे, जिथं एका म्हाताऱ्या गवयाच्या दिवसातले चार तास हीच एकमेव शाळा होती.

(पुढे याच केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघालं. ज्या बाईंनी आपली विद्या धोंडूताई कुलकर्णींखेरीज जवळजवळ कुणाला दिली नाही, त्यांचा आवाज परग्रहवासीयांसाठी राखून ठेवलाय, हे आठवलं की मला हसू येतं.)

आग्र्याचं वळण

दार लागल्यावर मोगूबाईंनी केलं काय? दुसरं ठोठावलं. आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे त्या काही काळ शिकल्या. हे शहाणपणाचंच होतं. विशीतल्या बाईनं उपाशी बसून एकनिष्ठा दाखवावी अशी अपेक्षा आपण नंतरचे लोक करतो. पण गाण्याच्या दृष्टीनं ही उडी लहान नव्हती. आग्र्याच्या गाण्यात नोमतोमचा, म्हणजे ‘नोम-तोम’ अशा अक्षरांवर केलेल्या आलापांचा, विस्तार, शब्दांशी खेळत केलेली बोलबनाव, आवाजाचा मर्दानी, छातीतून येणारा लगाव. अल्लादिया खाँच्या जयपूर घराण्याचा मामला निराळा: सगळं आकारात, म्हणजे ‘आ’ लावून, लय मध्यविलंबित, त्रितालाच्या प्रत्येक मात्रेशी नातं ठेवून पुढं सरकणारी, आणि पेचदार ताना सरळ वर चढायच्या ऐवजी आडवळणं घेत जाणाऱ्या. एकाच गळ्याला दोन चालींनी चालायला शिकवायचं म्हणजे चाल बिघडायचीही भीती.

अल्लादिया खाँना हे कळलं तेव्हा ते नाराज झाले, असं सांगतात. आणि त्यांनी जी वाट काढली ती मला या प्रकरणातली सगळ्यात चतुर गोष्ट वाटते. स्वतः शिकवता येत नाही ना? मग धाकट्या भावाकडे, हैदर खाँकडे शिक. शब्द मोडला नाही आणि विद्या घरातच राहिली. बहुधा आपल्या हातानं लावलेल्या रोपावर दुसऱ्याचं कलम होतंय, हेही सलत असावं. यात शिष्येची काळजी किती आणि घराण्याची मालकी किती, याचं प्रमाण मला काढता येत नाही.

मधले गुरू

हैदर खाँ १९२६ पासून १९३१ पर्यंत मोगूबाईंना शिकवत होते. सलग पाच वर्षं. सांगलीतलं दीड वर्ष आणि मुंबईतले सुरुवातीचे तुटक दिवस धरले तरी तोवरच्या आयुष्यात एवढी अखंड तालीम त्यांना मिळालेली नव्हती. वयही तेच, बावीस ते सत्तावीस. गायकाचा आवाज आणि सवयी पक्क्या होतात ते हेच दिवस.

तरीही हैदर खाँचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. मोठ्या भावाच्या सावलीत राहिलेला माणूस.

त्यांनी दिलं ते नेमकं काय असेल, हे जयपूर घराण्याच्या कुठल्याही जोडरागावरून समजून घेता येतं. बसंती केदार घ्या. पुस्तकात लिहिलेलं सोपं असतं: केदार अधिक बसंत. पण केदारात रिषभ-धैवत (रे आणि ध) शुद्ध आणि बसंतात दोन्ही कोमल. नुसते स्वर मिसळले तर खिचडी होते. शिवण कुठं घालायची, हा सगळा प्रश्न आहे. दोन्ही रागांत दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) आहेत आणि षड्जावरून (सा) थेट शुद्ध मध्यमावर जायची चालही दोघांत आहे. म्हणजे मध्यम हा उंबरठा. त्यावर उभं राहिलं की डावीकडे केदाराची ओसरी आणि उजवीकडे बसंताचं अंगण. पण उंबरठ्यावर किती वेळ उभं राहायचं, कोणत्या मात्रेला पाय उचलायचा, धैवत शुद्ध संपून कोमल सुरू होतो तो क्षण ऐकणाऱ्याला झटका न देता कसा पार करायचा, हे कागदावर येत नाही. ते बंदिशीत असतं आणि बंदिश माणसाच्या गळ्यात असते. तो माणूस शिकवणार नसेल तर तुमच्यासाठी तो राग अस्तित्वातच नाही. नट कामोद, सावनी नट, खोकर, बिहागडा, ललिता गौरी, संपूर्ण मालकंस, सगळ्यांची हीच गत. जयपूर घराण्यात तालमीला एवढं मोल होतं त्याचं एक साधं व्यावहारिक कारण हे: त्यांचा माल दुसऱ्या दुकानात मिळत नव्हता.

आणि म्हणूनच शिकवणाऱ्याला अडवणं हे शिकणाऱ्याचा गळा दाबण्यासारखं होतं. आज कुणी मला शिकवायला नाही म्हटलं तर मी खट्टू होईन, चार दिवस कुरकुरेन आणि मग रेकॉर्डिंग ऐकत बसेन. १९२५ साली बसंती केदार ऐकायलासुद्धा कुणाच्या तरी बैठकीत जागा मिळावी लागे.

१९३१ मध्ये हैदर खाँनीही मुंबई सोडली. पुन्हा दबाव, असं म्हणतात. सत्ताविसाव्या वर्षी मोगूबाई तिसऱ्यांदा जयपूरच्या तालमीला मुकल्या.

१९३४

तीन वर्षांनी अल्लादिया खाँनी स्वतःच त्यांना गंड्याची शागीर्द करून घेतलं. ऐंशीच्या घरात आलेले खाँसाहेब आता कुणाला किती बांधील होते, कुणाचं किती ऐकणार होते, याचा अंदाज आपण करू शकतो, पण नक्की कुठल्या दिवशी काय बदललं हे शोधण्यात अर्थ नाही. गंडा म्हणजे मनगटाला बांधलेला धागा, चणे-गूळ, नजराणा, जमलेल्या गवयांच्या साक्षीनं घेतलेला शब्द. बाहेरून पाहणाऱ्याला तो भक्तीचा विधी वाटतो. मोगूबाईंच्या बाबतीत तो दस्तऐवजही होता. आता या बाईला शिकवू नका, असं कुणी म्हणायचं झालं तर साक्षीदार हजर होते.

तालीम १६ मार्च १९४६ पर्यंत, म्हणजे खाँसाहेबांच्या मृत्यूपर्यंत चालली. बारा वर्षं. त्यात १९३९ ला मोगूबाईंचे पती गेले. तीन लहान मुलं, थोरली किशोरी सात-आठ वर्षांची. कार्यक्रम, शिकवण्या आणि स्वतःचं शिकणं, तिन्ही एकाच वेळी. पुढचे मानसन्मान, १९६८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७४ चं पद्मभूषण, हे सगळं यथावकाश झालं. माझा रस पुढच्या खोलीत आहे.

माईंची खोली

दारं लावलेली पाहिलेली व्यक्ती स्वतः गुरू झाल्यावर कशी वागते? हाच या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो सरळ नाही.

किशोरीताई आमोणकर आपल्या शिक्षणाबद्दल पुष्कळदा बोलल्या आहेत. माई, म्हणजे मोगूबाई, बंदिशीचे दोन भाग, आस्थाई-अंतरा, दोन-तीनदा गाणार, बस. त्यात उचललं तर उचललं. पुन्हा म्हणून दाखवायचं नाही, कागद-पेन्सिल नाही. मुलगी म्हणून सवलत नव्हती. उलट माई बाहेरच्या शिष्यांना समजावून सांगत असतील, घरच्या मुलीनं मात्र स्वयंपाकघरातून ऐकूनसुद्धा जागा टिपावी, अशी ती शिस्त वाटते.

मी स्वतः शिकत होते तेव्हा माझ्या बाईंना रेकॉर्डिंग खपत नसे. मी ओढणीखाली मोबाइल लपवून ठेवायचे. दोन वर्षांत चाळीसेक तालमी साठल्या. एकही पुन्हा ऐकली नाही. ऐकायची आहे या भरवशावर त्या वेळी ऐकलंच नव्हतं. बाईंना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण एकदा बिहागचा मुखडा शिकवून त्या म्हणाल्या, “तुझी ओढणी चांगली गाते, तू गा.” तेव्हापासून मला माईंचा ‘दोन-तीनदा’चा नियम क्रूर वाटत नाही. हा नियम कान उघडे ठेवायला लावतो. मात्र हेही म्हणायला हवं, की तो किशोरी नावाच्या मुलीला लागू पडला. तेवढ्याच बुद्धीच्या पण घाबरट मुलीला त्यानं कायमचं गप्प केलं असतं, आणि अशा मुलींची नावं इतिहासात येत नाहीत.

आता दुसरी बाजू. विद्या इतक्या काटकसरीनं देणाऱ्या याच माईंनी मुलीला दुसऱ्यांकडे शिकायला पाठवलं. आग्र्याचे अन्वर हुसेन खाँ. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, ज्यांच्याकडून मिंडेचं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याचं, काम मिळालं. ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर. शिवाय बाळकृष्णबुवा पर्वतकर, मोहनराव पालेकर. जयपूरच्या एकेका बंदिशीसाठी जिनं वर्षं मोजली, तिनं लेकीला घराण्याच्या कुंपणाबाहेर स्वतः नेऊन सोडावं, हे वरकरणी विसंगत आहे. मला ते नाही वाटत. ज्या बाईला एकाच माणसावर अवलंबून राहण्याची किंमत तीनदा मोजावी लागली, ती आपल्या मुलीला एकाच दारात बसवणार नाही, अगदी ते दार आपलं स्वतःचं असलं तरी. हा माझा तर्क. माईंनी असं म्हटल्याचं मी कुठं वाचलेलं नाही, आणि आग्र्याचे ते दिवस त्यांना ओझं न वाटता कमाई वाटली असतील, अशीही शक्यता आहे.

बाकीच्या शिष्यांकडे पाहिलं तरी हा मोकळेपणा दिसतो. बबनराव हळदणकर मोगूबाईंकडे जयपूर शिकले आणि खादिम हुसेन खाँकडे आग्रा; दोन्ही घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीची तुलना करणारं पुस्तक लिहिण्याइतके दोन्हींत मुरले. (वडील सावळाराम हळदणकर, दिवा हातानं झाकणाऱ्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र काढणारे. त्या घरात दोन्हीकडून प्रकाश होता.) पद्मा तळवलकर गजाननबुवा जोशींकडेही शिकलेल्या. कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, अरुण द्रविड, यादी लांबते. केसरबाईंची यादी एका नावाशी थांबते. दोघी एकाच गुरूच्या, दोघींकडे तोच खजिना. कुणाचं गाणं थोर यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात, ती होवोत. पण त्या बंदिशी आज चाळीस-पन्नास गळ्यांत जिवंत आहेत त्यात मोगूबाईंच्या खोलीचा वाटा किती मोठा आहे, यावर भांडायला कुणी उरत नाही.

सगळी दारं मात्र उघडी नव्हती. १९६४ मध्ये किशोरीताईंनी ‘गीत गाया पत्थरों ने’चं शीर्षकगीत म्हटलं, तेव्हा माईंनी बजावलं, सिनेमात गाणार असशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही. आग्र्याला जायला मुभा, ग्वाल्हेरला मुभा, चित्रपटाला नाही. नाटक कंपनीत वाढलेल्या बाईचा हा निर्बंध ऐकून आधी नवल वाटतं. मग लक्षात येतं की गाणारी बाई म्हणून समाज काय वागणूक देतो हे त्यांनी त्या कंपन्यांपासून भोगलेलं होतं. पुढेही दौऱ्यांवर त्यांना कुठं उतरवायचे, मानधन किती टेकवायचे, हे लहान किशोरी तानपुऱ्याला साथीला बसून पाहत होती. नंतर किशोरीताईंनी आयोजकांशी जे वर्तन केलं, श्रोत्यांना खडसावलं, उशीर केला, उठून गेल्या, त्याचे किस्से चवीनं सांगितले जातात. त्या किस्स्यांचा पहिला भाग, आईला दिलेली वागणूक, सांगणारे सहसा गाळतात.

आवाज गेला तेव्हा

एक योगायोग इथं नोंदवतेच. किशोरीताईंचा आवाज पंचविशीच्या आसपास गेला. सुमारे दोन वर्षं गाता येईना. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला. त्या मुक्या काळात त्या मनात गात राहिल्या, रागाचा भाव म्हणजे काय यावर विचार करत राहिल्या, आणि परत आल्या त्या वेगळं गाणं घेऊन: लय सैल, आलाप लांब, एकेका स्वराभोवती रेंगाळणारं. जयपूरच्या कडक मात्राबंद चालीला सोडून गेल्या म्हणून टीका झाली. पुढे तर त्या घराणं ही कल्पनाच नाकारू लागल्या.

आता अल्लादिया खाँचं तरुणपण बघा. आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात असताना दरबारात अतिरेकी गावं लागलं आणि त्यांचाही आवाज बसला. तोही सुमारे दोन वर्षं. पहिला आवाज परत आलाच नाही. जो आला त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली, आणि आपण जिला जयपूर गायकी म्हणतो ती हीच. म्हणजे किशोरीताईंनी जी चौकट मोडली असं म्हणतात, ती चौकटसुद्धा एका गेलेल्या आवाजातूनच आलेली. मूळ पुरुषानं आपल्या परंपरेशी जे केलं तेच नातशिष्येनं केलं. हे कुणी शिकवलं म्हणायचं? मधल्या मोगूबाई तर तालमीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. त्यांनी दोन-तीनदा म्हणून दाखवलेली आस्थाई मुलीनं मोजून घेतली असणार, आणि त्या मोजणीतूनच कुठं मोकळं व्हायचं तेही तिला सापडलं असणार.

मोगूबाई १० फेब्रुवारी २००१ ला गेल्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन. किशोरीताई ३ एप्रिल २०१७ ला. माझ्याकडे जयपूर घराण्याचा शिष्यपरंपरेचा एक छापील तक्ता आहे. त्यात अल्लादिया खाँपासून मोगूबाईंपर्यंत एक सरळ रेघ जाते आणि तिथून किशोरीताईंपर्यंत दुसरी. १९२२ ची खेतवाडी त्यात नाही, आग्रा नाही, तीन वेळा थांबलेली तालीम तर नाहीच. पहिल्या रेघेच्या शेजारी मी पेन्सिलनं एक वाकडी रेघ काढून ठेवली आहे आणि तिच्यावर हैदर खाँचं नाव लिहिलंय.